जुन्या डिस्कवरचे एकतिसावे नाव

सागरमाता मात्सूने सलग तीन वेळा कौल दिला, तेव्हा मंडपात उभ्या असलेल्या आम्हा चौघांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. प्रश्न विवाहाचा नव्हता, नवी नौका पाण्यात लोटण्याचाही नव्हता. देवळाच्या संगणकातील जीर्ण हार्ड डिस्कवरचे सारे धन नव्या डिस्कवर नेण्यास आजचा, दुसऱ्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा, प्रातःकाल योग्य आहे काय, एवढेच आमचे पुजारी ल्याव बुवा यांनी विचारले होते. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे त्यांनी भूमीवर टाकले. एक उताणा पडला, एक पालथा; म्हणजे होकार. पुन्हा तसेच. तिसऱ्यांदाही तसेच.

"झालं! आईनं परवानगी दिली," ल्याव बुवा म्हणाले. "मास्तर, आता तुमची परीक्षा."

"माझी कशाला? या डिस्कची म्हणा," हाँग मास्तर हातातील पेचकस फिरवीत म्हणाले. "चौदा वर्षं न थांबता फिरतेय बिचारी. तुम्ही चौदा मिनिटं जप करता आणि पेंगता."

"मी पेंगत नाही, ध्यान करतो."

"घोरत?"

हाँग मास्तर आमच्या नानफांगआव बंदरातील मत्स्यविद्यालयात तीस वर्षे विद्युत्शास्त्र शिकवीत होते. शाळेने टाकून दिलेला एक संगणक त्यांनीच देवळात आणला, त्यावर लिनक्स ही यंत्र चालविणारी प्रणाली बसवली, आणि दिव्यांची नोंद ठेवणारी प्रणालीही स्वतःच्या हातांनी लिहिली. गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंस आमचे दीपस्तंभ आहेत. त्यांतील प्रत्येक इवलासा दिवा कोणा ना कोणाच्या नावाने वर्षभर तेवतो. त्या दिवशी सकाळी असे एक हजार दोनशे आठ दिवे होते. प्रतिपदेला आणि पौर्णिमेला, दुपारी तीनच्या ठोक्याला, ती सर्व नावे ग्राम, जन्मतिथी आणि जन्मवेळेसह मातेपुढे मोठ्याने वाचली जातात. वाचण्याची सेवा गेली सव्वीस वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून सारे मला गुरुजी म्हणतात. वाचले न गेलेले नाव मातेच्या कानी पडत नाही, आणि त्या नावाचा दिवा हा नुसताच उजेड उरतो, अशी आमच्या बंदराची श्रद्धा आहे. येथील माणसे समुद्रावर जातात ती याच भरवशावर.

नावे नोंदविण्याचे काम बीग्वात ताईंचे. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एक नाव सुटलेले नाही. त्यांचा तो अभिमान नव्हे, व्रतच आहे. म्हणून परवा संगणकातून टक्-टक् असा ध्वनी येऊ लागला, तेव्हा त्या अन्नावरून उठून मास्तरांच्या घरी धावल्या होत्या. पंचांगात पुढचा शुभ दिवस दहा दिवसांनी होता. "दहा दिवस ही तग धरायची नाही," मास्तरांनी डिस्कला कान लावून सांगितले होते.

सकाळी सातला कार्यारंभ झाला. मास्तरांनी संगणक बंद केला, नवी डिस्क जुनीच्या शेजारी जोडली, आणि एका पेनड्राइव्हवर आणलेल्या दुसऱ्याच लिनक्सने यंत्र सुरू केले.

"हे कशाला? आपलं नेहमीचं का नाही?" बीग्वात ताईंनी विचारले.

"झोपलेल्या लेकराचं माप नीट घेता येतं, ताई. पळत्याचं घ्यायला गेलं की अंगरखा आखूड होतो. आपली प्रणाली आता निजलीय. तिचा कण न् कण उचलून तिकडे ठेवायचा. मध्ये एखादी जागा वाचता आली नाही, तर तिची खूण करायची, पुढे जायचं, आणि शेवटी परत तिथेच येऊन पुन्हा विनवायचं."

पडद्यावर आकडे वाढू लागले. आम्ही चौघे एखाद्या नौकेच्या आगमनाकडे डोळे लावावेत तसे त्या आकड्यांकडे पाहत होतो. चाळीस टक्के. पंचावन्न. एकसष्टावर गती एकाएकी मंदावली, डिस्क दोनदा कण्हली, आणि बीग्वात ताईंनी माझी बाही घट्ट धरली. मास्तर शांत होते. त्या जागेची खूण झाली, आकडे पुन्हा धावू लागले. शेवटी यंत्र त्या खुणेशी परतले. एकदा, दोनदा, पाच वेळा त्याने तेथे आर्जव केले, आणि पावणेनऊला पडद्यावर उमटले की वाचता न आलेला भाग शून्य.

बीग्वात ताईंनी चक्क टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या, माझ्या वयाला ते शोभले की नाही, हे मातेस ठाऊक.

मास्तर जुनी डिस्क काढण्यासाठी वाकले, तोच ल्याव बुवा पुढे झाले. "थांबा, थांबा! चौदा वर्षं राबलेल्या गड्याला उपाशीपोटी दाराबाहेर काढता? संध्याकाळी आभाराचा नैवेद्य होऊ दे. तिच्यापुढे उदबत्ती लागू दे. मग काढा."

"बुवा, ती डिस्क आहे."

"आणि मी पुजारी आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी, ज्याला या विषयातील काडीचेही कळत नाही, त्या मी गंभीरपणे म्हणालो, "सेवकाला निरोप दिल्याशिवाय दूर करणं अधर्म आहे." मास्तरांनी खांदे उडविले. "राहू दे तर जोडलेली. पडून राहील आत कोपऱ्यात." त्यांनी पेनड्राइव्ह काढला, कळ दाबली, आणि देवळाची प्रणाली नेहमीसारखी जागी झाली. त्यांनी नावे मोजली. एक हजार दोनशे आठ. एकही कमी नाही, एकही अधिक नाही. ल्याव बुवांनी घंटा वाजविली आणि नऊ वाजता नोंदणीची खिडकी उघडली.

पौर्णिमेची गर्दी होती. बीग्वात ताई लोक सांगतील ते ऐकून थेट यंत्रात लिहीत; आमच्याकडे वेगळा कागद भरण्याची रीत नाही, कारण येणाऱ्यांतील अर्ध्या वृद्धांना लिहिता येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यांचे अक्षर कोणाला वाचता येत नाही. जन्मवेळ आठवत नसेल तर "शुभ वेळ" एवढेच लिहायचे. एकपर्यंत त्रेचाळीस नवी नावे झाली.

मी खिडकीच्या आत बसून लाल कागदाच्या घड्या घालीत होतो. खिडकी भोजनासाठी बंद झाली आणि गलबला शमला, तेव्हा मला ते ऐकू आले. बीग्वात ताईंनी शेवटची नोंद सेव्ह केली; टक्. एका आजोबांचा पत्ता दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केली, टक्, टक्.

"मास्तर," मी विचारले, "नवी डिस्क आवाज करते का?"

"छे. तिच्यात फिरणारं काही नाहीच. मुकी आहे ती." ते कपात ओठ बुडवून चहा पीत होते.

"मग ताईंनी कळ दाबली की आवाज कोण करतं?"

मास्तरांचा कप ओठांशीच थांबला. त्यांनी तो खाली ठेवला, ताईंना बाजूला सारले आणि एक लहानशी आज्ञा टंकली. उत्तराची एकच ओळ आली. ती वाचून त्यांच्या मुद्रेवर जी अवकळा पसरली, ती मी तीस वर्षांच्या मैत्रीत कधी पाहिली नव्हती.

"माती खाल्ली मी," ते म्हणाले. "गुरुजी, साफ माती खाल्ली."

"काय झालं ते तर सांगा!" बीग्वात ताई ओरडल्या.

"प्रत्येक डिस्कला एक खूणक्रमांक असतो. यंत्र सुरू होताना तो क्रमांक शोधतं, आणि ज्या डिस्कवर सापडेल तिच्यावर घर मांडतं. मी कण न् कण उचलला. म्हणजे क्रमांकही उचलला. दोघी एकाच क्रमांकाच्या. यंत्रानं जी आधी दिसली ती धरली, आणि दिसली ती जुनी! म्हणून तर मोजणी बरोबर आली. येणारच! आपण जुनीलाच जुनीशी ताडून पाहत होतो. जुनी बाहेर काढली असती तर हे घडलंच नसतं. मुलांना वीस वर्षं हेच शिकवलं, आणि स्वतः..."

"म्हणजे सकाळची त्रेचाळीस नावं..."

"जुनीवर आहेत. फक्त जुनीवर."

त्याच क्षणी, जणू आपले नाव ऐकून, जुन्या डिस्कमधून लागोपाठ सात-आठ ठोके आले आणि पडदा गोठला.

दीड वाजला होता. वाचनाला दीड तास उरला होता. ल्याव बुवा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आणि या वेळी ते खरोखरच जप करीत होते. बीग्वात ताई मात्र रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मास्तर, काय करायचं ते भराभर सांगा."

"पहिलं काम, यंत्र बंद. दुसरं, ही म्हातारी बाहेर." क्षणात त्यांनी केबल उपटली. नव्या डिस्कवर यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उठून बसले, निःशब्द. एक हजार दोनशे आठ नावे जशीच्या तशी. "हे घर पक्कं. आता याला काही होत नाही. आता ती त्रेचाळीस."

जुन्या डिस्कला त्यांनी एका लहान जोडणीने बाहेरूनच जोडले, टेबलावर उघडी ठेवली, आणि बुवांना पंखा तिच्याकडे वळविण्यास सांगितले. "हिच्यावर आता काही लिहायचं नाही. फक्त वाचायचं. तेही एवढंच." सुदैवाने प्रत्येक नावासाठी त्यांच्या प्रणालीने एक वेगळी छोटी नोंद केलेली होती. पहिली आली. दुसरी, तिसरी. डिस्क मध्येच ठोके देई, थांबे, आणि आम्ही चौघेही श्वास थांबवीत असू. मग ती पुन्हा चालू लागे. बीग्वात ताई प्रत्येक नाव उमटले की त्याचा उच्चार करीत आणि बोट मुडपीत. एकोणतीस! तीस! आणि मग दीर्घ कण्हणे. मास्तरांनी ती नोंद सोडून पुढची मागितली. बत्तीस आली. पस्तीस आली. अडतीस नाही. एकेचाळीस नाही. त्रेचाळीस आली, आणि त्यानंतर डिस्कचे फिरणे थांबले ते थांबलेच. मास्तरांनी तीनदा प्रयत्न केला. मग त्यांनी तिच्यावर हळूच हात ठेवला.

"चाळीस," ते म्हणाले. "तीन राहिली."

"एकतीस, अडतीस, एकेचाळीस," बीग्वात ताईंनी डोळे मिटले. "एकेचाळीस म्हणजे टोफूवाले आजोबा. ते दर वर्षी येतात. गेल्या वर्षीची नोंद नव्या डिस्कवर आहेच, तीच पुन्हा घ्या. अडतीस उदबत्तीवाल्यांची नात, आठ दिवसांची आहे. बुवा, फोन लावा त्यांना, जन्मवेळ विचारा. आणि एकतीस..." त्यांनी पुन्हा बोटे मुडपली. "तीस क्रमांकाला औषधवाल्यांची सून होती. बत्तीसला ते दोन भाऊ भांडत होते. मध्ये... मध्ये एक बाई होती. रबरी बूट, डोक्यावर फुलाफुलांची टोपी. घाईत होती. तिनं स्वतःसाठी दिवा लावला नाही. तिच्या बोटीवरच्या खलाशासाठी लावला. परदेशी मुलगा. नाव इतकं लांब होतं की आम्ही दोघींनी मिळून अंदाजानं लिहिलं."

"नाव आठवतं?" मी विचारले.

"'से' वरून होतं. पुढचं नाही आठवत."

"ताई," ल्याव बुवा चाचरत म्हणाले, "वाचताना शेवटी 'आणि इतर सर्व' असं म्हटलं तर आई समजून घेईल."

"तुमच्या पगाराच्या दिवशी 'आणि इतर सर्व' म्हणून पाकीट दुसऱ्याला दिलं तर समजून घ्याल?" बीग्वात ताईंनी स्कूटरची चावी उचलली. "रबरी बूट म्हणजे मासळीबाजार. अडीचला लिलाव असतो. गुरुजी, चला."

"मी? मला तीनला वाचायचं आहे."

"म्हणूनच चला. परदेशी नाव तुमच्या तोंडून वाचायचंय. तुम्ही ऐकल्याशिवाय ते नीट कसं यायचं?"

बहात्तर वर्षांच्या वयात, निळा लांब झगा गुडघ्यांपर्यंत गोळा करून, मी बीग्वात ताईंच्या मागे स्कूटरवर बसलो. देवळाच्या पायऱ्यांशी कुल्फी विकणारा ओरडला, "गुरुजी, पळून लग्न करताय की काय!" ताईंनी मागे न पाहता उत्तर दिले, "तुला आमंत्रण नाही!" आणि आम्ही धक्क्याच्या उतारावर अशा वेगाने सुटलो की माझ्या मनात स्तोत्राऐवजी केवळ स्वर उरले.

लिलावगृहात ओलसर फरशीवर बांगडा मासळीच्या राशी होत्या आणि रबरी बुटांच्या बायका तीसहून अधिक. बीग्वात ताई एका उलट्या टोपलीवर चढल्या आणि त्यांनी लिलाव पुकारणाऱ्याचा ध्वनिवर्धक सरळ काढून घेतला.

"सकाळी मात्सू मातेच्या देवळात खलाशासाठी दिवा लावणारी बाई कोण?"

"अगं, मी!" फुलाफुलांची टोपी मागच्या रांगेतून वर आली. "काय झालं? दिवा विझला?"

"दिवा पेटलाय. नाव हरवलंय. त्याचं नाव सांगा!"

"मला कुठं येतंय! आमच्या बोटीवर त्याला 'आसे' म्हणतात. चांगला मुलगा आहे हो. पहिल्यांदाच समुद्रावर आलाय. पोहता येतं म्हणतो, मला नाही खरं वाटत. म्हणून तर दिवा लावला." तिने बुटातून फोन काढला. "थांबा, बोट किनाऱ्याजवळच असेल, त्यालाच विचारा."

फोन लागला. प्रथम यंत्राचा घरघराट ऐकू आला, मग वारा, मग एक तरुण, गोंधळलेला आवाज. बाई ओरडली, "आसे! देवळातले गुरुजी आहेत! तुझं पूर्ण नाव सांग! गाव सांग! जन्मतारीख सांग!"

"मी काही केलं नाही, मावशी!"

"अरे, शिक्षा नाही! दिवा लावलाय तुझ्या नावाचा!"

तो हसला. "माझा देव वेगळा आहे. तुमच्या देवीला चालेल?"

मी फोन घेतला. "बाळा, ती समुद्रावर असलेल्या सगळ्यांना पाहते. तू फक्त नाव सांग. सावकाश."

"सेतियावान," तो म्हणाला.

मी उच्चारले. तो म्हणाला, नाही, शेवटचा स्वर लांब. मी पुन्हा उच्चारले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बरोबर, आजोबा. अगदी माझी आई म्हणते तसं." गाव तेगाल, जावा बेट. जन्मतारीख बीग्वात ताईंनी हाताच्या तळव्यावर लिहून घेतली आणि तेथेच बोटांच्या पेरांवर चांद्रतिथी मोजली. जन्मवेळ त्याला ठाऊक नव्हती.

"शुभ वेळ," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

परतताना धक्क्यावरून मला वाचनाची वर्दी देणाऱ्या नगाऱ्याचा पहिला ठोका ऐकू आला. बीग्वात ताईंनी काय केले ते मी सांगणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. परंतु दुसऱ्या ठोक्याला आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर होतो. मास्तरांनी खिडकीतून हात पुढे केला. ताईंनी स्वतः एकतिसावी नोंद नव्या यंत्रावर लिहिली, मास्तरांनी लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर तिची प्रत उतरविली, आणि छापलेला लाल कागद शाई ओली असतानाच माझ्या हाती आला. "एक हजार दोनशे एक्कावन्न," ताई म्हणाल्या. त्यांचा श्वास अजून लागत होता. "मोजलीत. दोनदा."

मी मातेपुढे गुडघे टेकले आणि आरंभ केला. इतक्या उत्कट आनंदाने मी ती नावे पूर्वी कधी वाचली असतील, असे मला वाटत नाही. गल्लीमागून गल्ली, घरामागून घर. कोळी, शिंपी, वृद्ध, नवजात. तीन तास कसे गेले ते कळले नाही. नव्या नावांची पाळी आली, तेव्हा मागे पावलांचा ओला आवाज झाला. फुलाफुलांची टोपी काढून हातात धरलेली ती बाई मंडपाच्या कडेला उभी होती, आणि तिने दुसऱ्या हाताने फोन उंच धरला होता.

तीस. औषधवाल्यांची सून.

"जावा बेट, तेगाल गाव," मी वाचले, आणि शेवटचा स्वर जेवढा लांबवायचा तेवढा लांबविला. "सेतियावान. जन्मवेळ शुभ."

फोनमधील यंत्राचा घरघराट मंडपात क्षणभर स्पष्ट ऐकू आला. मी श्वास घेतला आणि बत्तिसावे नाव वाचले.